फोटोतली इमारत ओळंब्यात आणताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्तमानपत्रात उंच इमारतींचे दोन तऱ्हेचे फोटो नेहमी दिसतात. काहींत इमारत मागे रेललेली असते आणि तिच्या दोन्ही कडा वर जाता जाता जवळ येतात. काहींत ती सरळ उभी असते, पण माथ्याकडे जड झालेली, आणि चौकटीच्या कोपऱ्यातली माणसे ताणलेली. पहिल्या फोटोची दुरुस्ती झालेलीच नसते. दुसऱ्याची बटण दाबून झालेली असते आणि पुढे कुणी तपासलेले नसते. दोन्ही टाळता येतात. पण बातमीच्या फोटोत ही दुरुस्ती कुठवर करावी, हा त्याहून मोठा प्रश्न आहे आणि त्यासाठी हे पत्र लिहीत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. कॅमेरा त्याच जागी ठेवून फक्त वेगळ्या दिशेला रोखला असता तर जे दिसले असते, ते संगणकावर मिळवणे ही दुरुस्ती. कॅमेरा दुसऱ्या जागी नेला असता तर जे दिसले असते, ते तयार करणे हा फेरफार. दुरुस्ती बातमीत चालते, फेरफार चालू नये. ही सीमा कुणाच्या आवडीनिवडीवर अवलंबून नाही. ती भूमितीतून येते, म्हणून तपासताही येते.

कॅमेऱ्याचा सेन्सर (चित्र टिपणारा सपाट भाग) भिंतीला समांतर असेल तर भिंतीवरच्या समांतर रेषा फोटोतही समांतर राहतात. कॅमेरा वर उचलला की सेन्सर तिरका होतो, भिंतीचा वरचा भाग त्याच्या हिशेबात दूर जातो आणि लहान उमटतो. यात लेन्सचा दोष नाही. वाइड लेन्सवर (रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सवर) खापर फुटते, कारण जवळ उभे राहून फोटो काढताना ती वापरली जाते आणि जवळ उभे राहिले की कॅमेरा जास्त उचलावा लागतो. कोणती वस्तू दुसरीच्या मानाने किती मोठी दिसेल आणि कोण कुणाला झाकेल हे फक्त कॅमेरा कुठे उभा आहे यावर ठरते. फोकल लेंथ (लेन्सचे मिलिमीटरमध्ये सांगितलेले नाभीय अंतर) बदलली की चौकटीत किती मावेल तेवढे बदलते.

ही दुरुस्ती संगणकाच्या आधीपासून होत आली आहे. मोठ्या प्लेट कॅमेऱ्यांत लेन्सची पाटी वर सरकवता येत असे, म्हणजे कॅमेरा सपाट ठेवूनही इमारतीचा माथा चौकटीत येई. ३५ मिमी कॅमेऱ्यांसाठी अशी सरकणारी लेन्स १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आली. आजच्या २४ मिमी शिफ्ट लेन्स साधारण ११ ते १२ मिलिमीटर सरकतात. डार्करूममध्ये एन्लार्जरखालची (फिल्मवरून कागदावर मोठी प्रत काढणाऱ्या यंत्राखालची) कागदाची फळी तिरकी करून उभ्या रेषा समांतर आणत आणि सगळा कागद फोकसमध्ये राहावा म्हणून लेन्सचे छिद्र लहान करत. तेव्हा उभ्या रेषा सरळ करणे म्हणजे फसवणूक, असे सरसकट म्हणता येणार नाही.

सॉफ्टवेअर जे करते ते गणिताने नेमके सांगता येते. पूर्ण चौकटीला एकच रूपांतर लावले जाते. त्यात सरळ रेषा सरळच राहतात आणि चार बिंदू कुठून कुठे जावेत एवढे सांगितले की बाकीचा प्रत्येक बिंदू ठरून जातो. कॅमेरा जागेवर वळवल्याने चित्रात जो बदल होतो तो याच जातीचा आहे. म्हणून विजेचा खांब ज्या खिडकीसमोर होता तिच्यासमोरच राहतो. जे झाकलेले होते ते झाकलेलेच राहते. शंका असलेल्या फोटोत आधी हेच पाहावे. मूळ फाइल आणि छापलेली प्रत शेजारी ठेवून पुढच्या वस्तूंनी मागच्या कोणत्या वस्तू झाकल्या आहेत ते ताडून बघावे. झाकणुकीत फरक पडला असेल तर ती दुरुस्ती नाही.

मात्र या दुरुस्तीची किंमत मोजावी लागते. फुल-फ्रेम कॅमेरा (३६ बाय २४ मिमी सेन्सरचा), २४ मिमी लेन्स, कॅमेरा उभा धरलेला आणि १० अंश वर उचललेला, असे समजा. उभ्या रेषा पूर्ण समांतर केल्या की चौकटीची वरची कड खालच्या कडेच्या सुमारे १.३ पट ताणली जाते. २० अंशांना हे प्रमाण १.७५ होते आणि ३० अंशांना अडीच. हा झाला आडवा ताण. उभ्या दिशेतला ताण याच्या वर्गाने वाढतो, म्हणजे २० अंशांना वरचा भाग खालच्यापेक्षा उभ्यात सुमारे तिप्पट आणि ३० अंशांना सहा पटींहून जास्त ताणलेला असतो. खालची पूर्ण रुंदी आणि पूर्ण उंची ठेवून बाजू कापल्या तर मूळ चौकटीतला भाग १० अंशांना १२ टक्के, २० अंशांना सुमारे २१ टक्के आणि ३० अंशांना ३० टक्के वाया जातो. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत, म्हणजे ४००० बाय ६००० पिक्सेलमध्ये, २० अंशांची दुरुस्ती केली की सर्वांत वरच्या ओळीत मुळातले जेमतेम २,३०० पिक्सेल ४००० जागांवर पसरतात. वरचे मजले मऊ दिसतात आणि तिथला नॉइज (चित्रातले दाणे) भरड होतो, त्याचे कारण हे. दोन स्तंभांच्या छपाईत ते लपते, पूर्ण पानाच्या छपाईत लपत नाही. आमच्या मते २० अंशांपर्यंत निःशंक दुरुस्ती करावी. त्याच्या पुढे मागे सरकून किंवा समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून फोटो पुन्हा काढणे हाच खरा उपाय.

फोटो काढतानाच दोन गोष्टी सांभाळल्या तर पुढचे काम निम्म्यावर येते. कॅमेऱ्यातली किंवा फोनमधली जाळी आणि लेव्हल चालू ठेवावी, आणि इमारतीच्या दोन्ही बाजूंना व वर मोकळी जागा सोडावी. सरळ करताना कोपरे जाणारच आहेत. चौकट इमारतीने गच्च भरली असेल तर कापायला इमारतच उरते. फोनवर अल्ट्रावाइड टाळावी. तिच्या कडांवर ताण आधीच जास्त असतो आणि फोनमध्ये तिचा सेन्सर बहुधा मुख्य कॅमेऱ्याच्या सेन्सरपेक्षा लहान असतो.

आता कामाचा क्रम. सर्वाधिक चुका इथेच होतात. आधी लेन्सचे विरूपण काढायचे, मग पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे समांतर रेषांचे जवळ येणे. वाइड लेन्स सरळ कडेला बाहेर बाक देते. हा बाक ठेवून उभ्या रेषा सरळ केल्या तर भिंतीची दोन टोके ओळंब्यात येतात आणि मधला भाग पोटासारखा बाहेर राहतो. पर्स्पेक्टिव्हचे रूपांतर सरळ रेषा सरळ ठेवते, वाकडी रेषा सरळ करत नाही. त्यामुळे लेन्स प्रोफाइल (त्या लेन्सचा बाक काढणारी सॉफ्टवेअरमधली तयार नोंद) आधी लावावे. याच्या उलटी चूकही होते. बहुतेक फोन आणि बरेच कॅमेरे जेपेग फाइलमध्ये हा बाक स्वतःच काढून टाकतात. तिला पुन्हा प्रोफाइल लावले की रेषा आत वाकतात. चौकटीच्या कडेजवळची एखादी लांब सरळ कड निवडून तिच्याशेजारी गाइड लावून बघितले की प्रोफाइल हवे की नको ते लगेच कळते.

दुसरा नियम असा की दुरुस्तीआधी क्रॉप करू नये, म्हणजे कडा कापू नयेत. प्रकाशकिरणांचा मध्य मूळ चौकटीच्या मध्यावर आहे, असे धरूनच सॉफ्टवेअर कोनाचा अंदाज बांधते. एका बाजूने कापलेली फाइल दिली तर तो मध्य सरकतो, रेषा समांतर होतात पण उंची-रुंदीचे प्रमाण चुकते. फोकल लेंथची नोंद फाइलमधल्या एक्झिफ माहितीत असते. ती उपलब्ध असेल तर हा अंदाज बराच सुधारतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत ती नोंद गळून जाते आणि पिक्सेलही कमी होतात. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. वार्ताहरांकडून फोटो मागवताना एवढी एक सूचना दिली तरी पुष्कळ फरक पडेल.

तिसरा नियम : ताण एकदाच द्यावा. आधी फिरवणे, मग उभ्या रेषा, मग आडव्या, मग पुन्हा थोडे फिरवणे, असे चार वेळा वेगवेगळे केले की प्रत्येक वेळी पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि चित्र दर वेळी मऊ होते. लाइटरूम आणि डार्कटेबल ही फोटो-संपादनाची सॉफ्टवेअर हे सगळे बदल नोंदवून ठेवतात आणि निर्यातीच्या वेळी लावतात. फोटोशॉपमध्ये लेयर आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करून घ्यावा, म्हणजे मूळ पिक्सेल जपले जातात. शार्पनिंग (कडा धारदार करणे) सगळ्यांत शेवटी, आणि शक्य असेल तर वरच्या भागाला मास्क लावून वेगळ्या मात्रेने. तिथला नॉइज आधीच मोठा झालेला असतो, त्यावर तेच शार्पनिंग चालवले तर आकाशात दाणे उठतात.

लाइटरूममध्ये हे काम ट्रान्सफॉर्म पॅनेलमध्ये होते. प्रोफाइल करेक्शन चालू केल्यानंतरच अपराइटला, म्हणजे रेषा सरळ करणाऱ्या बटणांना, हात लावावा. प्रोफाइल नंतर लावले तर अपडेट दाबून हिशेब पुन्हा करून घ्यावा लागतो. ऑटो, लेव्हल, व्हर्टिकल आणि फुल या बटणांपेक्षा गाइडेडवर आमचा भर आहे. कोणती रेषा उभी धरायची हे त्यात माणूस ठरवतो. दोन ते चार रेषा आखता येतात. दोन उभ्या रेषा पुरतात, पण त्या चौकटीच्या डाव्या आणि उजव्या टोकाजवळच्या हव्यात आणि लांब हव्यात. मधल्या दोन खिडक्यांच्या कडा धरल्या तर आखताना झालेली एका-दोन पिक्सेलची चूक चौकटीच्या कडेपर्यंत कित्येक पटींनी वाढते. आखताना झूम करून दोन्ही टोके कडेवर नेमकी बसवावीत. हाताने करायचे असेल तर मागे रेललेल्या इमारतीसाठी व्हर्टिकलची पट्टी उणे बाजूला न्यावी आणि मग रोटेटने सरळ करावे.

फोटोशॉपमध्ये फिल्टर मेनूतल्या लेन्स करेक्शनच्या कस्टम भागात व्हर्टिकल पर्स्पेक्टिव्हची पट्टी आहे. बाक आणि कल दोन्ही एकाच खिडकीत काढता येतात, हा तिचा फायदा. कंट्रोल-टीने फ्री ट्रान्सफॉर्म घेऊन डिस्टॉर्ट करणे सर्वांना येते. पण तिथे प्रमाण राखायला कसलाच आधार नसतो, म्हणून इमारतीसाठी ते आम्ही शेवटचा पर्याय मानतो.

गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये शिफ्ट-पी दाबले की पर्स्पेक्टिव्ह टूल येते. त्याच्या पर्यायांत दिशा नॉर्मल असते. ती बदलून करेक्टिव्ह केली की काम फारच सोपे होते. मग आपण चित्र ओढत नाही. जाळीचे कोपरे तिरक्या भिंतीच्या रेषांवर बसवायचे आणि ट्रान्सफॉर्म दाबायचे, जाळी सरळ होताना चित्रही सरळ होते. जाळीच्या रेषांची संख्या वाढवावी म्हणजे त्या मजल्यांच्या रेषांशी जुळतात का ते दिसते. क्लिपिंग ॲडजस्टवर ठेवले तर लेयर मोठा होतो आणि काही कापले जात नाही. नंतर इमेज मेनूतून कॅन्व्हस लेयरएवढा करून घेऊन शेवटी क्रॉप करावे. इंटरपोलेशन (नवे पिक्सेल मोजण्याची पद्धत) नन किंवा लिनिअर ठेवू नये. क्युबिक, लोहॅलो किंवा नोहॅलो घ्यावे.

डार्कटेबलमधले रोटेट अँड पर्स्पेक्टिव्ह हे मॉड्युल मोफत साधनांत आम्हाला सर्वांत विश्वासाचे वाटते. ते चित्रातल्या रेषा स्वतः शोधते आणि कोणत्या रेषा हिशेबात घेतल्या हे रंगाने दाखवते. नको ती रेषा उजव्या क्लिकने काढून टाकता येते. जिन्याचा कठडा, झुकलेला खांब, झाडाचे खोड, टांगलेली तार, या सगळ्या आधी काढाव्यात. लेन्स मॉडेल जेनेरिकवरून स्पेसिफिकवर नेले की फोकल लेंथ आणि क्रॉप फॅक्टर (सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा किती पट लहान ते) वापरून प्रमाणही सावरले जाते. फोटो जोडण्याच्या हगिन या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकच फोटो दोन्ही बाजूंना उघडून उभ्या कडेवर दोन-दोन बिंदू द्यायचे, अशा दोन-तीन जोड्या केल्या की कॅमेऱ्याचा कोन हगिन स्वतः काढते. वेळ लागतो, पण उत्तर चोख येते.

फोनवरच्या ॲपमध्ये एक सापळा आहे. पर्स्पेक्टिव्ह बदलल्यावर रिकामे पडलेले कोपरे काही ॲप स्वतःच भरून टाकतात. स्नॅपसीड या ॲपमध्ये त्याला स्मार्ट असे नाव आहे. कडेचा रस्ता, झाडे, गर्दी यांची नक्कल करून तो भाग भरला जातो. म्हणजे तिथे नसलेली माणसे बातमीच्या फोटोत उभी राहू शकतात. रिकामी जागा पांढरी किंवा काळी ठेवावी, म्हणजे ती दिसते आणि कापता येते. फोटोशॉपच्या क्रॉपमधल्या आपोआप भरण्याच्या पर्यायांनाही हेच लागू आहे.

आता उंची-रुंदीच्या प्रमाणाबद्दल. चार कोपरे धरून चौकोन सरळ केला की रेषा नक्कीच काटकोनात येतात, पण तो चौकोन मुळात किती उंच आणि किती रुंद होता हे त्या चार कोपऱ्यांवरून सॉफ्टवेअरला आपोआप कळत नाही. त्यासाठी फोकल लेंथ तरी हवी किंवा प्रत्यक्ष माप तरी. नुसता माथा पसरवला तर इमारत ठेंगणी होते. लाइटरूममध्ये ॲस्पेक्टची पट्टी याचसाठी आहे. आधार म्हणून भिंतीवरची गोल वस्तू शोधावी, घड्याळ, गोल खिडकी, वाहतुकीची गोल पाटी. ती सपाट असेल आणि भिंतीला समांतर असेल तर योग्य दुरुस्तीत तिचे वर्तुळच झाले पाहिजे. चौरस फरशा असतील तर त्याही चालतात.

कागदपत्रांच्या फोटोत हे फार सोपे आहे, कारण माप माहीत असते. फोटोशॉपच्या पर्स्पेक्टिव्ह क्रॉपमध्ये कागदाचे चार कोपरे पकडून रुंदी २१ सेंटिमीटर, उंची २९.७ सेंटिमीटर आणि रिझोल्यूशन इंचाला ३०० असे भरले की ए-४ कागद २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा, बरोबर प्रमाणात मिळतो. रकाने मोकळे सोडले तर प्रमाण अंदाजाने ठरते आणि अक्षरे रुंद किंवा अरुंद दिसतात. कागद सपाट हवा. पुस्तकाच्या शिवणीकडे वळलेले पान चार कोपऱ्यांनी सरळ होत नाही, तिथे काचेखाली दाबूनच फोटो काढावा.

सपाट वर्तुळ वर्तुळ राहते, पण गोळा गोळा राहत नाही, हे ज्यांना माहीत नसते ते दुरुस्ती करताना माणसांचे चेहरे बिघडवतात. भिंतीवरचे घड्याळ बरोबर येते, त्याच इमारतीवरची गोल पाण्याची टाकी मात्र अंड्यासारखी होते. दुरुस्तीनंतर जी दिशा काटकोनात मानली जाते तिच्यापासून गोळा जितक्या कोनावर, तितका तो बाहेरच्या दिशेला ताणला जातो. वर दिलेल्या २० अंशांच्या उदाहरणात चौकटीच्या वरच्या कडेला हा कोन ५७ अंशांच्या आसपास जातो आणि ताण १.८ पटींच्या पुढे. माणसाचे डोके या बाबतीत गोळ्यासारखेच वागते. गच्चीवर किंवा वरच्या सज्जात माणसे उभी असतील आणि बातमी त्यांचीच असेल, तर उभ्या रेषा पूर्ण सरळ करण्याचा मोह टाळावा. माणसे नसतानाही १० ते २० टक्के कल शिल्लक ठेवलेला बरा. उंच वस्तू वर निमुळती दिसण्याची डोळ्यांना सवय असते आणि शंभर टक्के सरळ केलेला मनोरा वर रुंदावत गेल्याचा भास होतो.

इमारत बाजूने घेतलेली असताना आडव्या रेषाही समांतर करून ती समोरून घेतल्यासारखी दाखवता येते. भूमितीने हेही कॅमेरा वळवण्यातच बसते. पण खिडक्यांच्या खोबणीची एकच बाजू दिसत राहते, सज्जांचा एकच कडेचा भाग दिसतो. फोटो समोरून काढलेला नाही हे जाणकाराला तिथे कळते. वास्तूची नोंद किंवा नकाशासोबतचे चित्र म्हणून असा फोटो उपयोगी आहे, घटनास्थळाचा फोटो म्हणून नाही. वाचक त्यावरून अंतराचा आणि उभे राहण्याच्या जागेचा चुकीचा अंदाज बांधतो.

आता ज्या एका प्रकारच्या फोटोंमुळे हे पत्र लिहिणे निकडीचे वाटले, त्यांच्याबद्दल. खचलेल्या, कललेल्या, तडे गेलेल्या इमारतींचे फोटो. ऑटो किंवा व्हर्टिकल बटण चित्रातल्या लांब, जवळपास उभ्या रेषा शोधते आणि त्या सर्व ओळंब्यात असल्याचे मानते. चौकटीत कललेली इमारतच मोठी असेल तर सॉफ्टवेअर तिलाच प्रमाण धरते. ती सरळ होते आणि शेजारचे चांगले घर कलते. पिसाचा मनोरा आज सुमारे ४ अंश कललेला आहे, म्हणजे दर मीटर उंचीला ७ सेंटिमीटर. एवढा कलही रोटेटच्या पट्टीने क्षणात नाहीसा होतो. राहत्या इमारतीचा कल याहून फार कमी असला तरी धोक्याचा असू शकतो. एक अंश म्हणजे २० मीटर उंचीवर सुमारे ३५ सेंटिमीटर. फोटो सरळ करणाऱ्याला तो कॅमेरा किंचित तिरका धरल्याचा परिणाम वाटतो आणि तो चांगल्या हेतूने बातमीच पुसून टाकतो.

अशा फोटोसाठी रीत अशी असावी. स्वयंचलित बटण वापरायचेच नाही. उभ्या रेषा कललेल्या इमारतीवरून न घेता शेजारच्या दोन वेगळ्या इमारतींवरून घ्यायच्या, एक डावीकडची आणि एक उजवीकडची. एकाच शेजाऱ्यावर भिस्त ठेवू नये, जमीन खचली असेल तर तोही कललेला असू शकतो. घटनास्थळी जाणाऱ्याने शक्य तर चौकटीत एका बाजूला ओळंबा किंवा वजन बांधलेली दोरी येऊ द्यावी. दुसऱ्या कोणत्याही रेषेपेक्षा तिचा भरवसा जास्त. त्या आधाराने दुरुस्ती केल्यावरही इमारत कललेली दिसली तर तो कल खरा. एका फोटोत फक्त डावी-उजवीकडचा कल दिसतो. इमारत कॅमेऱ्याकडे किंवा कॅमेऱ्यापासून दूर झुकली असेल तर तो कल उभ्या रेषांच्या मिळण्यात मिसळून जातो आणि दुरुस्तीत निघून जातो. म्हणून दुसरा फोटो काटकोनातल्या बाजूने घ्यावाच. बुरूज, धुराडी, निमुळते खांब यांच्या कडा बांधतानाच कललेल्या असतात, त्यांना कधीही उभी रेषा धरू नये. त्यांच्या दोन कडांच्या मधोमध जाणारी रेषा चालते.

फोटोवरून माप घेता येते हे काही नवे नाही. आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर या जर्मन स्थापत्यज्ञाने १८५८ मध्ये वेट्झलारच्या चर्चची मापे घेताना पडता पडता वाचल्यावर फोटोंवरून मोजमाप करण्याची कल्पना मांडली आणि १८८५ मध्ये बर्लिनला त्यासाठी सरकारी संस्थाही उभी राहिली. अशा मापांना कॅमेऱ्याची भूमिती माहीत असावी लागते. दुरुस्त करून कापलेल्या प्रतीत ती हरवते. उद्या एखाद्या अभियंत्याने छापलेल्या फोटोवरून कल मोजायचा म्हटले तर त्याला मूळ फाइलच लागेल.

फेरफाराची साधने वेगळी ओळखू येतात. फोटोशॉपचे पर्स्पेक्टिव्ह वॉर्प हे त्यांतले मुख्य. त्यात लेआउटमध्ये इमारतीच्या प्रत्येक दर्शनी बाजूवर वेगळा चौकोन बसवतात आणि वॉर्पमध्ये त्यांचे कोपरे हलवतात. एका बाजूला एक रूपांतर, दुसरीला दुसरे. कोपऱ्यावरची इमारत अधिक समोरून किंवा अधिक बाजूने पाहिल्यासारखी होते, म्हणजे कॅमेरा सरकल्याचा आभास. पण कॅमेरा खरोखर सरकला असता तर सज्जाखालचा जो भाग नव्याने दिसला असता तो फाइलमध्ये नाहीच, आणि जो झाकला गेला असता तो अजून दिसतो आहे. सावल्यांची दिशाही दोन बाजूंत जुळेनाशी होते. व्हॅनिशिंग पॉइंट फिल्टर भिंतीच्या तिरकेपणात पाटी किंवा खिडकी चिकटवण्यासाठी आहे. त्याची जाळी निळी असेल तर पातळी नीट बसली, पिवळी किंवा लाल झाली तर कोपरे चुकले. जाहिरात, नियोजित प्रकल्पाचे चित्र, सजावट यांसाठी ही साधने उत्तम आहेत आणि ती शिकावीत. बातमीच्या फोटोला ती लावली की चित्राखाली ‘कल्पनाचित्र’ असे छापले पाहिजे.

आपल्या संपादकीय विभागाला आमच्या विनंत्या अशा. पूर्ण चौकटीला लावलेली उभ्या रेषांची दुरुस्ती खुशाल करावी, तिच्यासाठी वेगळ्या टिपेची गरज नाही. आडव्या रेषाही सरळ करून दर्शनी बाजू समोर आणली असेल तर चित्रओळीत तसे लिहावे. रिकामे कोपरे भरू नयेत, कापावेत. कलत्या, खचत्या, पडलेल्या बांधकामांच्या फोटोंना कोणतेही स्वयंचलित बटण लावू नये आणि दुरुस्ती केलीच तर कोणत्या रेषा आधार धरल्या हे मूळ फाइलसोबत लिहून ठेवावे. मूळ फाइल एक्झिफसह जपावी. वाचकांकडून फोटो मागवण्याच्या सूचनेत ‘न कापलेली मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ हे वाक्य घालावे आणि इमारतीच्या कलाबद्दलचा फोटो असेल तर काटकोनातल्या दोन बाजूंनी, शेजारच्या इमारती चौकटीत घेऊन काढलेले दोन फोटो मागावेत.

आपले,
छायाचित्र-संपादनाचे काम करणारे काही वाचक